तिनात एक

खासबागेतल्या विणकरांच्या गल्लीत तम्मण्णानं एकदा आकडा सांगितला, की त्यावर कुणी तोंड उघडायचं नाही, अशी रीतच पडून गेली होती. नवं लुगडं मागावर चढवायचं तर आधी हिशोब लागतो. पन्हा एवढा, काठ एवढे, मग ताण्याला धागे किती, फणीच्या एका घरात किती ओवायचे, आणि सूत संपता संपता लुगडी किती निघणार. हे सगळं तम्मण्णा तळहातावर तंबाखू मळता मळता तोंडी सांगायचा. चुकला असं कुणाच्या आठवणीत नव्हतं. नव्हतं, हीच तर पंचाईत झाली. ज्याचं कधी चुकत नाही त्याला तपासायला कोण जातंय?

वय अठ्ठावन्न. अंगानं वाळकुटा, आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षं मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसल्यावर पाठीला जो बाक येतो तो कायमचा आलेला. शाळा मराठी चौथीपर्यंत. पोरगं गणितात हुशार आहे, पुढं शिकवा, म्हणून मास्तर स्वतः घरी सांगायला आले होते. बाप म्हणाला, "ते खरं मास्तर, पर माग कोण चालवणार?" त्या दिवशी पोरगं खड्ड्यात उतरलं ते उतरलंच. पण पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी हे पाढे डोक्यात तसेच राहिले होते, आणि धोटा फेकता फेकता तो ते मनात म्हणत बसायचा. दुसरी करमणूक कसली असणार? दोन मुलगे प्लेगाच्या साथीत एका आठवड्यात गेले. लेक राहिली ती निपाणीला दिली, ती तिकडं तंबाखूच्या वखारीत जाते. घरात तो आणि बायको बायाक्का. दोघंही दमलेली. सकाळी उठायची तीच दमलेली उठायची.

चव्वेचाळीस साल लागलं आणि लढाईनं सूत गिळलं. गिरण्यांचं सूत लष्कराच्या कपड्याला जायला लागलं, विणकराला मिळायचं ते कंट्रोलच्या दुकानातून, तेही मोजून. गल्लीतल्या छत्तीस घरांची नावं यादीत लागली, आणि छत्तिसांत मिळून महिन्याला गठ्ठे आले बारा. एका गठ्ठ्यावर एक माग महिनाभर चालतो. त्याचे तीन वाटे करून कुणाचंच भागत नाही, कारण अर्ध्या ताण्याचं लुगडं होत नाही, चिंधी होते. पाळी लावावी म्हटलं तर पुढच्या महिन्यात गठ्ठे येतील याची खात्री दुकानदारालाच नव्हती, मग तिसऱ्या पाळीपर्यंत थांबायला कोण तयार होणार? भांडणं झाली, दोघांची डोकी फुटायची राहिली. शेवटी ठरलं, चिठ्ठ्या टाकायच्या. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी देवळात जमायचं, छत्तीस नावांच्या चिठ्ठ्या घागरीत घालायच्या, आणि गुंडू गुरवानं बारा काढायच्या. गुंडूच्या घरात माग नव्हता, त्यामुळं त्याला कुणाचं सोयरसुतक नव्हतं.

इथवर सगळं ठीक. पण वडगावाकडून आलेला शामू म्हणून एक विणकर उभा राहिला. याद्या झाल्यावर तो सासुरवाडीला येऊन राहिला होता, बरोबर चालू माग, तीन लहान पोरं, आणि यादीत नाव नाही. दुकानदार सदतिसावं नाव घेईना. शामू म्हणाला, "कुणाचं तरी नाव गळंल तवा माझं घाला, पर कवा गळंल ते तरी सांगा."

गल्लीचे पंच मष्णू आप्पा. सत्तरीचे, करड्या आवाजाचे. त्यांनी सवयीप्रमाणं तम्मण्णाकडं बघितलं.

तम्मण्णानं तंबाखू मळली. म्हणाला, "छत्तिसात बारा, म्हंजी तिनात एक. नऊ खेपांत एका घराचं नाव तीनदा यायला पायजे. तीनदाचं दोनदा व्हईल, एकदा व्हईल. पर नऊ खेपांत एकदाबी न्हाय, असं कसं व्हईल? तसं झालं, तर त्या घरात कायतरी खोट हाय म्हणून समजा. माग मोडलेला आसंल, न्हायतर देवाच्याच मनात नसंल. तेचं नाव काढा आणि शामूचं घाला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाचं नाव असं जाईल हे एकाच्याही मनात आलं नाही. तम्मण्णाच्या तर नाहीच नाही.

ही चूक वाण्यानं केली नसती, की शेतकऱ्यानं केली नसती. ही विणकराचीच चूक. मागावर तिनात एक म्हणजे तिनात एकच असतो. पायाखालची पावडी दाबली की तिसरा धागा वर उचलला जातो, मग सहावा, मग नववा. तिसरा धागा रुसून बसला आणि नवव्यापर्यंत एकही वर आला नाही, असं मागावर होत नाही. झालं तर कुठंतरी दोरी तुटलेली असते, आणि ती वाकून शोधायची असते. जन्मभर ज्यानं तिनात एक असा डोळ्यांनी बघितला, त्याला घागरीतला तिनात एक निराळा असतो हे कोण सांगणार? छत्तीस घरांतले सगळे विणकरच की.

फाल्गुनात पहिल्या चिठ्ठ्या निघाल्या. चैत्र गेला, वैशाख गेला. कुणाचं नाव दोनदा आलं, कुणाचं लागोपाठ तीनदा येऊन त्याला नजर लागू नये म्हणून घरच्यांनी मिरच्या ओवाळल्या. एक नाव मात्र येईना. अंबूबाईचं.

अंबूबाई तम्मण्णाच्या दारासमोरची. पंचेचाळिशीची विधवा बाई, नवरा खोकल्यानं गेल्यावर माग स्वतः चालवायची, आणि चांगला चालवायची. तिनं विणलेला काठ दुकानदार उलटासुलटा करून बघायचे आणि खोड सापडायची नाही. घरात अंथरुणाला खिळलेली सासू. बाकी कुणी नाही. तिसऱ्या खेपेला नाव आलं नाही तेव्हा ती हसली. पाचव्या खेपेला तिनं घागर उपडी करून आपली चिठ्ठी आत आहे का ते सगळ्यांसमोर बघायला लावलं. होती की, धडधडीत होती. सहाव्या खेपेपासून ती बोलायची थांबली.

आणि गल्ली बोलायला लागली. तम्मण्णाचा शब्द होताच सगळ्यांच्या ध्यानात. त्या घरात खोट हाय. ज्यांच्या घरात सूत यायचं त्यांच्या कांड्या भरून देऊन, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळून देऊन, अंबूबाई महिना काढायची. सातव्या खेपेनंतर एकेक घरानं तिला कांड्या देणं बंद केलं. तिच्या हातचं सूत आपल्या धोट्यात नको. तोंडावर कुणी म्हणालं नाही, तोंडावर म्हणायला हिंमत लागते. "आवंदा आमचं आमीच भरतो गं," एवढंच. मग ती रोज चालत येळ्ळूरला जायची, कुणाच्या तरी भातात तण काढायला, भांगलायला, आणि संध्याकाळी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन यायची. सासूला उचलायची, पुसायची, भरवायची. रिकाम्या मागावर कापड टाकून ठेवलेलं.

दसऱ्याच्या आधी आठवी खेप झाली. बारा नावं निघाली. तिचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तम्मण्णाच्या दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "अण्णा, एक इचारू? तुमी शिकल्यालं मानूस. तुमीच बोललासा, म्हणून तुमालाच इचारते. माझ्या घरात काय खोट हाय?"

तम्मण्णा तंबाखूची चंची शोधायला लागला.

"न्हाय, सांगा. नवरा असताना मी तेला कवा उलटं बोलले न्हाय. सासूचं हागणंमुतणं काढते. देवाचं कायबी चुकवलं न्हाय. आठ म्हैनं झालं नाव न्हाय, आता रोज भांगलताना हेच आठवत बसते, की माझं कुठं चुकलं. लहानपणापासनं एकेक आठवून झालं. तुमाला म्हाईत आसंल तर सांगा, मी पाया पडते."

"आजून एक खेप हाय अंबू," तो कसाबसा म्हणाला.

"व्हय. एक हाय," ती म्हणाली, आणि गेली.

बायाक्का आतून ऐकत होती. भाकरी थापायचा आवाज थांबला होता. "बरं सांगितलासा," ती म्हणाली. "एक खेप हाय म्हणं. आणि तवाबी न्हाय आली तर?"

तम्मण्णा जेवला नाही. त्याचंही नाव त्या महिन्यात आलं नव्हतं, माग रिकामाच होता. तो खड्ड्यात पाय सोडून नुसता बसून राहिला. त्याला राग आला होता, आणि कुणाचा ते कळत नव्हतं. खोट हाय असं तो म्हणाला होता, आणि अंबूबाईत खोट नाही हे त्याला समोरासमोर दिसत होतं. दोन्ही खरं कसं असेल? मागावर असं झालं असतं तर तो वाकून तुटलेली दोरी शोधत बसला असता. इथं कुठं वाकायचं?

मग त्यानं तीन कांड्या घेतल्या. दोन पांढऱ्या सुताच्या, एक तांबड्या. दुरडीत टाकल्या, वर फडकं घातलं, हलवलं आणि हात घालून एक काढली. पांढरी. परत टाकली, हलवलं, काढली. पांढरी. भिंतीवर कोळशानं घरांच्या रेघा ओढल्या, एका रेघेत नऊ खेपा. तांबडी निघाली की टिंब द्यायचं. पहिल्या घराला तीन टिंबं आली, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला एक. दिवेलागणीच्या आत त्यानं छत्तीस घरं पुरी केली, खांदा भरून आला, आणि भिंतीकडं बघितलं तर बाविसाव्या घरासमोर एकही टिंब नव्हतं.

आपली मोजणी चुकली असंल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. माणसाला दुसरं काय सुचतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत पुसून परत छत्तीस घरं. या वेळी दोन घरं कोरी राहिली. तिसऱ्या दिवशी एकही नाही. त्याला जरा बरं वाटलं. चौथ्या दिवशी पुन्हा एक. बायाक्का येता-जाता बघत होती. माग रिकामा, घरात पीठ बेताचं, आणि नवरा दुरडीत हात घालून कांड्या काढतोय. "येड लागलं काय हो तुमाला?" तिनं विचारलं. त्याला ते ऐकूच गेलं नाही.

पाचव्या दिवशी त्यानं दुरडी बाजूला सारली आणि कोळसा घेऊन बसला. पावकी-निमकीचे पाढे होते, तिसऱ्या हिश्श्याचा पाढा कुणी शिकवला नव्हता, तो त्याचा त्यानं केला. छत्तीस घरं. पहिल्या खेपेला बारांचं नाव येणार, चोवीस रिकामी. दुसऱ्या खेपेला त्या चोविसांतल्या तिसऱ्या हिश्श्याचं येणार, म्हणजे आठांचं. उरली सोळा, ज्यांचं अजून एकदाही नाही. त्यांतली तिसरा हिस्सा गेली, उरली दहा आणि वर थोडी. मग सात. मग पावणेपाच. मग तीन. मग दोन. आठव्या खेपेनंतर दीडाच्या आसपास. आणि नवव्या खेपेनंतर एकाला थोडं कमी.

म्हणजे एक घर.

त्यानं हिशोब तीनदा केला. तीनदा एक घर उरलं. कुणाच्यात खोट असो वा नसो, छत्तीस घरं घागरीत घातली आणि नऊ खेपा काढल्या, की कधी दोन, कधी एकही नाही, पण सरासरी एखादं घर कोरं राहायचंच. कुठलं, ते आधी सांगता येत नाही, एवढंच. देव रागावलेला नाही, माग मोडलेला नाही, दोरी कुठं तुटलेली नाही. आणि त्यानं, तम्मण्णानं, पंचांसमोर तंबाखू मळत मळत असा नियम करून ठेवला होता, की दर नऊ महिन्यांनी एक निरपराध घर शोधून काढायचं आणि त्याला हाकलायचं.

"बाया," त्यानं हाक मारली. ती आली. त्यानं भिंतीवरचं सगळं समजावून सांगितलं. तिला अर्धं कळलं, पण जे कळायचं ते बरोबर कळलं.

"मंजी त्या बाईचा कायच गुन्हा न्हाय?"

"न्हाय."

"आणि ह्ये तुमाला आत्ता कळालं? इतकं दीस तिला गल्लीनं कुत्र्यावानी हाडहाड केलं, तवा कुठं गेलतं हे शानपन?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मीबी तिला गेल्या म्हैन्यात कांड्या दिल्या न्हायत. तुमच्या शब्दावर इस्वास ठेवून."

तम्मण्णानं कोळसा खाली ठेवला.

तो समोरच्या घरी गेला. अंबूबाई सासूचे पाय दाबत बसली होती. तम्मण्णानं जमिनीवर बोटानं आकडे काढून तिला सांगितलं. छत्तीस, चोवीस, सोळा. ती मन लावून ऐकत होती. हाताची माणसं हिशोब लवकर धरतात.

"मंजी कुणीतरी एक ऱ्हायाचंच हुतं," ती म्हणाली.

"व्हय."

"आणि ती मी."

"व्हय."

"कशापायी मी?"

"कशापायीच न्हाय गं. नुसतंच."

तो बरं वाटावं म्हणून आला होता. तिच्या चेहऱ्यावर बरं वाटल्याची खूण दिसेना. तिनं सासूच्या पायांवर पांघरूण ओढलं. मग म्हणाली, "अण्णा, गुन्हा आसता तर बरं झालं आसतं. उपास केला आसता, दंडवत घातलं आसतं. काय तरी करून धुऊन काढला आसता. आता नुसतंच म्हणलासा, मग आता मी काय करू?"

तम्मण्णाला वाटलं, आपण येऊन तिच्याजवळ होतं तेवढंही काढून घेतलं.

"बरं, आठ डाव न्हाय आली, मंजी नवव्याला यायची आशा तरी वाढली आसंल?" तिनं विचारलं.

खोटं बोलावंसं त्याला फार वाटलं. "न्हाय गं. तिनात एकच. घागरीला मागचं काय ठावं नसतंय."

त्याच दिवशी तो मष्णू आप्पांकडं गेला. आप्पा अंगणात उन्हाला बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "तम्मण्णा, तूच म्हणालतास खोट हाय. आता तूच म्हणतोस न्हाय. लोकांनी कुठल्या तम्मण्णाचं ऐकायचं?"

"आत्ताच्या. तवा चुकलो आप्पा. न्हायतर असं करा, पाळी लावा. सरळ तीन पाळ्या."

"ज्यांचं पाचदा आलंय, ते पाळीला तयार हुतील?"

"मग निदान नियम तरी मोडा."

"आणि शामूला काय सांगू? तेची बायको परवा बाळंत झाली, चौथं पोर. आठ म्हैनं ते मानूस बोटं मोजत बसलंय." आप्पांचा आवाज नेहमीसारखा करडा नव्हता, थकलेला होता. "तुझा हिशोब बरूबरच आसंल रं. तुझं कवा चुकतंय? पर नावं छत्तीसच ऱ्हानार. एक आत यायचं तर एक भाईर जायला पायजे. तुझ्या हिशोबात ह्येला काय उतारा हाय का?"

उतारा नव्हता. तम्मण्णा उठून घरी आला.

कार्तिकातल्या पहिल्या सोमवारी देवळात सगळी गल्ली जमली. एवढी गर्दी कधी नसायची. बारा चिठ्ठ्यांपेक्षा एकाच चिठ्ठीची उत्सुकता, आणि ती चिठ्ठी न निघण्याची, हे कुणी कबूल करणार नाही, पण तसंच होतं. शामू खांबाला टेकून मान खाली घालून उभा होता. त्यालाही ते गोड लागत नव्हतं. बायका एका बाजूला, त्यांच्यापासून हातभर सोडून अंबूबाई.

गुंडू गुरवानं घागर हलवली. एक, दोन, तीन. नाव वाचायचा आणि चिठ्ठी ताटात टाकायचा. सात झाल्या, आठ झाल्या. दहावी काढताना गुंडूचाच हात आत जरा जास्त वेळ रेंगाळला, जणू बोटांनी वाचता येतंय. अकरावी. बारावी. अंबूबाईचं नाव नव्हतं. तम्मण्णाचंही नव्हतं.

मष्णू आप्पांनी यादीचा कागद मांडीवर घेतला, टाक दौतीत बुडवला. अंबूबाई खाली बघत होती. ती रडत नव्हती. कापूस वेचून झाल्यावर बाई ओटी झटकते तसा तिनं पदर झटकला आणि उठायला लागली.

"थांबा आप्पा," तम्मण्णा म्हणाला.

तो उभा राहिला. चारचौघांत बोलायची त्याला सवय होती, पण आकडे सांगायची. "म्या म्हणालतो खोट हाय म्हणून. खोट माझ्या हिशोबात हुती, तिच्या घरात न्हवती." त्यानं छत्तिसाचे चोवीस, चोविसाचे सोळा सांगायला सुरुवात केली. सोळापर्यंत लोक ऐकत होते. दहा आणि वर थोडी म्हटल्यावर मागं कुजबूज सुरू झाली. पावणेपाच घरं म्हटल्यावर कुणीतरी हसलंच, "पाऊण घर कसं रं आसतंय?" त्याला कळून चुकलं की हे पोचत नाही. आकडे सोडून त्यानं सरळ सांगितलं, "तिचा कायबी गुन्हा न्हाय. नाव काढायचंच आसंल तर माझं काढा. ज्यानं नियम केला तेचं. तिचं ऱ्हाऊ द्या."

"अण्णा, न्हाय!" अंबूबाई ओरडली. "माझ्यापायी न्हाय!"

"तुझ्यापायी न्हायच," तो म्हणाला. "माझ्यापायी."

मष्णू आप्पांनी टाक परत दौतीत बुडवला. छत्तीसच नावं. एक आत, एक बाहेर. कागदाला त्याचं काही वाटत नाही. त्यांनी रेघ मारली ती तम्मण्णाच्या नावावर, आणि खाली शामूचं नाव लिहिलं.

बायाक्का दाराशी पदर तोंडात धरून उभी होती. घरात आल्यावर पाण्याचा तांब्या त्याच्यासमोर ठेवून म्हणाली, "मला इचारलं का न्हाय?"

"तू न्हाय म्हणाली आसतीस."

"व्हय, म्हणले आसते. हक्क हाय माझा न्हाय म्हणायचा. म्हणले आसते, रडले आसते, आणि मग व्हय म्हणले आसते. तेवढं तरी करू द्यायचं." ती त्याच्या शेजारी बसली. दोघं त्याच तांब्यातून पाणी प्याली. त्या दिवसापासून तम्मण्णा पहाटे येळ्ळूरला जायला लागला. वाकलेल्या पाठीनं भात कापणं अवघड नाही, उलट सोपं, असं तो म्हणायचा. वाकायचे कष्टच वाचतात.

मार्गशीर्षातल्या सोमवारी तो देवळात गेला नाही. जायचं कारण उरलं नव्हतं. मळणी चालू होती, तो खळ्यावर पेंढ्या रचत होता. उन्हं उतरल्यावर गावात शिरला तर गल्लीच्या तोंडालाच त्याला कळलं. गुंडूनं घागरीत हात घातला आणि पहिलीच चिठ्ठी अंबूबाईची निघाली. पहिलीच! बारावी नाही, पाचवी नाही. लोक अजून घोळक्यानं उभे होते. तम्मण्णाला बघून ते गप्प झाले, आणि तो चार पावलं पुढं गेल्यावर परत बोलायला लागले. विणकरांची गल्ली अरुंद असते, बोललेलं सगळं ऐकू येतं.

"बघितलं न्हवं? नऊ म्हैनं न्हाय आली, आणि तम्मण्णाचं नाव यादीतनं गेल्या गेल्या आली. खोट त्येच्याच घरात हुती. आपलं घर झाकायला आकडं सांगत बसलावता."

"दोन पोरं उगंच गेली व्हय त्येची?"

तो थांबला नाही. पाय ओढत घरी आला. मागून कुणीतरी धावत आलं, अंबूबाई. खांद्यावर सुताचा गठ्ठा, श्वास लागलेला, डोळे रागानं लाल.

"अण्णा, ऐकलासा काय म्हणत्यात ते? पोरांवर गेली मेली! मी जाते आणि त्यास्नी सगळं सांगते. छत्तिसाचं चोवीस, चोविसाचं सोळा. मला पाठ हाय. एकेकाच्या दारात जाऊन सांगते."

तम्मण्णा ओट्यावर टेकला. पोरांची गोष्ट त्याला लागली होती. सदतीस वर्षं झाली तरी ती लागायची. ती दोघं कशापायी गेली, हे त्यानं तेव्हा अंबूबाईसारखंच एकेक आठवून शोधलं होतं, आणि आपलीच एक-दोन पापं ठरवूनही टाकली होती. इतकी वर्षं ती त्यानं सांभाळली होती. भिंतीवर नवव्या खेपेनंतर एक घर उरलं त्या दिवशी ती पापंही हातातून गेली होती, हे त्यानं बायाक्काला सांगितलं नव्हतं.

"म्हणू दे गं त्यास्नी," तो म्हणाला. "तू जाऊन ताणा लाव. आजून उजेड हाय तंवर."

"आसं कसं म्हणू दे? तुमच्या घरात काय खोट हाय?"

"न्हाय. कुणाच्याच न्हाय." त्यानं पायाला चिकटलेला भाताचा काडीकचरा काढायला सुरुवात केली. "पर त्यास्नी खोट कुणाच्या तरी घरात लागती. तुझ्या घरात नऊ म्हैनं हुती, तिचं ओझं किती ते तुला ठावं हाय. आता इथं ऱ्हाऊ दे. ज्यानं पैल्यांदा तो शब्द काढला, त्येच्याच दारात आली हाय."

अंबूबाई तशीच उभी राहिली. आतून बायाक्कानं दोघांनाही हाक मारली, भाकरी झाल्यात म्हणून.